गाडीच्या नाकातला झेंडू

आमच्या घरात गाडी तापली की आधी माणसाचं नाव निघतं, बॉनेट नंतर उघडतं. या वेळी नाव निघालं माझ्या नातीचं.

नात एकवीस वर्षांची. लायसन्स मिळून तीन महिने झालेले. गिरगावातून माटुंग्याला कॉलेजात स्वतः गाडी चालवत जायचं, एवढंच तिचं मागणं. गाडी माझी, वीस वर्षांपूर्वी घेतलेली आणि तेव्हाही कुणीतरी वापरून कंटाळलेली. दसऱ्यानंतरच्या दोन आठवड्यांत ती नातीच्या हातात तीनदा तापली. तिसऱ्यांदा तर लालबागच्या पुलाखाली बॉनेटमधून वाफ, मागे हॉर्नची वरात, आणि ब्रेकचं पेडल म्हणे पावात बोट खुपसावं तसं आत जात होतं.

जेवताना माझ्या मुलाने, म्हणजे तिच्या बापाने, निकाल दिला. "माझ्या हातात कधी तापत नाही. हिलाच चालवता येत नाही. शनिवारी मिस्त्रीला दाखवतो. तोही तेच म्हणाला, तर गाडी भंगारात आणि ही बसने."

नात अर्ध्या ताटावरून उठली. आमटी माझ्या हाताची होती, म्हणजे मामला गंभीर होता.

पोरीची चूक नाही, याबद्दल माझी खात्री होती. कारण साधं आहे. ड्रायव्हिंग स्कूलने तिला फक्त लायसन्स दिलं, विद्या मी दिली होती.

आता त्या विद्येबद्दल. पन्नाशीतली मी म्हणजे एका सरकारी कचेरीची हेडक्लार्क आणि आमच्या चाळीतली गाडी चालवणारी पहिली बाई. काळा गॉगल लावून, चावी बोटावर फिरवत मी जिना उतरायचे. जिन्यात कुणी नसेल तर परत वर जाऊन पुन्हा उतरायचे. तिसऱ्याच दिवशी परळच्या पुलाच्या चढावर गाडी मागे घसरली आणि एका टॅक्सीला टेकली. टॅक्सीवाला खिडकीतून म्हणाला, "माताजी, उल्टा चढने का है क्या पूल?"

दुसऱ्या दिवसापासून मी नियम केला. हँडब्रेक पूर्ण खाली सोडायचाच नाही, एक खटका वर ठेवायचा. कामाला लागण्याआधी पदर खोचून घ्यावा, तसा. मग समोर एक लाल दिवा सारखा पेटून राहायला लागला. कचेरीत नको असलेल्या कागदावर आम्ही दुसरा कागद ठेवत असू. इथे मी कपाळावरची टिकली काढली आणि दिव्यावर चिकटवली. विषय मिटला.

गाडी मात्र तापायला लागली. मी तपास केला. पेट्रोलमध्ये भेसळ, ऑक्टोबरचं ऊन, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईची नजर, असा त्याचा निष्कर्ष निघाला. लिंबू-मिरची बांधली. तापमानाचा काटा चढला की हीटर लावा, इंजिनाची उष्णता आत येते, असं कुणीतरी सांगितलं. ते खरंच आहे. भर उन्हात काचा बंद करून हीटर लावलेली बाई मी दादरपर्यंत जायचे आणि सिग्नलला लोक वाकून वाकून बघायचे. मला वाटायचं, गॉगलकडे बघतात.

शेवटी डिलाईल रोडच्या एका मालवणी मिस्त्रीकडे गेले. त्याने एकच वाक्य सांगितलं, "बाई, हँडब्रेक पूर्ण खाली घेवा."

"मिस्त्री, गाडी माझी की तुमची?" मी विचारलं आणि निघून आले. पुढे मुलगा गाडी चालवायला लागला. त्याने मला न विचारता हँडब्रेक खाली सोडला. गाडी बरी झाली. मी श्रेय लिंबाला दिलं.

आणि या उन्हाळ्यात नातीला पहिला धडा दिला, "एक खटका वर. विसरायचं नाही." गुणाची पोर, विसरली नाही.

शनिवारी आम्ही तिघं गेलो त्याच मिस्त्रीकडे. केस पांढरे, बाकी तोच. माझ्याकडे बघून म्हणाला, "बाईंची आजी झाली!" मग नातीला, "तू चालव गो, नेहमीसारखी. मी नुसतो बसतंय."

दहा मिनिटांनी दोघं फेरी मारून आले. मिस्त्रीने बॉनेटला हातही लावला नाही. बाटलीतलं पाणी पुढच्या चाकांवर शिंपडलं. काही नाही. मागच्या चाकावर शिंपडलं, तर चर्रर्र! फोडणीचा आवाज मला ओळखता येतो. वास मात्र फोडणीचा नव्हता, जळक्या रबराचा होता. त्याने मागची बाजू जॅकवर उचलून चाक हाताने फिरवलं. अर्धा वेढा घेऊन चाक अडलं. मग आत वाकून हँडब्रेकचा तो एक खटका खाली केला. चाक सुटं फिरलं.

"इंजिनान गाडी ओढूची की ब्रेक ओढूचो?" तो म्हणाला. "हँडब्रेक वर कोण ठेवता?"

मुलाने नातीकडे बघितलं. "बघ! सांगत होतो की नाही?"

नात आपल्या चपलेकडे बघत उभी राहिली. माझं नाव घ्यायला तिला अर्धा श्वास पुरला असता. तिने घेतलं नाही.

पन्नाशीतली मी असते, तर चौकशी समिती नेमली असती.

"मी," मी म्हणाले. एवढा लहान शब्द, पण सगळ्या नोकरीत एकाही फाइलवर मी तो लिहिला नव्हता. "मीच शिकवलं तिला. ती टिकलीही माझीच."

"कुठली टिकली?" मुलगा म्हणाला.

मिस्त्रीने नखाने टिकली खरवडली. हँडब्रेक खाली असूनही लाल दिवा पेटलेला होता. ब्रेकचं ऑइल कमी झालं तरी हाच दिवा लागतो, त्याने समजावलं. राहिलेलं जुनं ऑइल चाकांच्या उष्णतेने उकळायचं, म्हणून पेडल पावासारखं.

"इथे दिवा आहे?" मुलगा म्हणाला. ही गाडी तो दहा वर्षं चालवत होता.

मिस्त्रीने आता पुढची जाळी काढली आणि तारेचा आकडा आत घातला. दर दसऱ्याला गाडीच्या नाकावर मी झेंडूचा दुपदरी हार बांधते. तो काढायचा नाही, निर्माल्य पायदळी जाऊ नये म्हणून. आपोआप गळून जातो. कुठे जातो, हे मी कधी विचारलं नव्हतं. आकड्याबरोबर काळ्या पाकळ्यांचे थर निघाले, आंब्याची पानं निघाली, दोऱ्याची गुंतवळ निघाली. रेडिएटरला वारा शिरायला जागाच नव्हती.

नात पहिल्यांदा हसली. "आजी, तुझे सगळे दसरे इथे आहेत गं!"

ब्रेकचे जळके लायनर बदलून, नवं ऑइल घालून संध्याकाळी गाडी मिळाली. मिस्त्रीने चावी माझ्यापुढे धरली आणि मग, माझ्याकडे बघत, नातीच्या हातात ठेवली. मुलगा तिच्या शेजारी बसला, मी मागे. परळच्या चढावर गर्दीत अडकलो. माझा हात दोन सीटांमधून आपोआप पुढे गेला. नातीने न बघता त्यावर चापट मारली.

"आजी, हात मागे."

तिने हँडब्रेक पूर्ण वर ओढला, पुढची गाडी हलल्यावर पूर्ण खाली सोडला. गाडी एक बोटभरही मागे आली नाही. काटा मध्यावरच होता.

मुलाने वाकून काटा पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाला, "सोमवारी जाताना मला दादरला सोडशील?"

"बघते," नात म्हणाली. "पण बाबा, पुढे बसणार असाल तर जरा दिव्याकडे लक्ष ठेवायचं."