उंबऱ्यावरचा निरोप

सुनेच्या तव्यावर आज भाकरी करपली आणि मला जागेवर बसवेना.

बहात्तर सालच्या सुमारास, सोनईजवळच्या आमच्या घरात, आई सासऱ्यांशी थेट बोलत नसे. मध्ये फक्त उंबरा. आजोबांना आतलं सगळं ऐकू यायचं, तरी निरोप मीच पोचवायचा.

सातवी झाली आणि आजोबांनी माझ्या लग्नाचं काढलं. आई चुलीपाशी भाकरी थापत राहिली. शेवटी मीच उंबऱ्यावर जाऊन म्हणाले, "आई म्हनती, पोरीला हायस्कुलात घाला."

मागं भाकरीची थाप थांबली. आई असं काही बोललीच नव्हती, हे आजोबांनाही ठाऊक होतं.

"तुज्या आईला सांग," ते म्हणाले, "भाकर करपतीया."

आई आतूनच, पहिल्यांदा थेट बोलली, "करपू द्या, मामंजी. आदी पोरीचं काय ते सांगा."