म्हाळसाबाईचं कंदाचं भरीत

दोन हजार बारा सालच्या दुष्काळात मेंढरं विकून म्हाळसाबाई लेकरांसह शहराला लागून असलेल्या हर्सूलला आली, तेव्हा सासूनं तिच्या हाती सोपवलेले कुळाचे चांदीचे टाक गाठोड्यात होते. थोरला दीर सोनाजी निघताना म्हणाला होता, "शहरात देव सांभाळणं व्हईल का तुला? चंपाषष्ठीला येऊन बघतो. नाय जमलं तर टाक परत नेतो." हे बोलणं बाईच्या जिव्हारी लागलं होतं.

पण बाई रडत बसणारी नव्हती. ज्या माळावर पूर्वी मेंढरं चरायची तिथं बंगले उठले होते. त्यातल्याच एका बंगल्याच्या बागेत ती कामाला लागली. मालकीण मोनिकानं थंड मुलखातून आणून पिवळ्या फुलांची झाडं लावली होती, सूर्यफुलाची धाकटी भावंडंच म्हणा ना. पाणी तुटलं आणि ती वाळली. म्हाळसाबाईनं एक काडी उपटली, तर खाली आल्यासारख्या गाठीच गाठी!

"ताई, पळत या! हितं घबाड हाय!"

"मावशी, ते सनचोकचे कंद. भाजून खातात म्हणे."

बाईनं गाठ पदराला पुसून तिथंच चावा घेतला. ओल्या खोबऱ्यासारखी करकरीत, गोडसर! आनंद तिच्या पोटात मावेना. संध्याकाळी येसराचा मसाला घालून पातेलंभर कालवण केलं, घरादारानं ओरपलं, आणि सकाळी सगळ्यांच्या पोटात ढोल वाजायला लागले.

"वारा धरतंय गुलाम," ती हसून लोळली. पुढच्या खेपेला कंद थोडे घेऊन हिंग-ओवा सढळ टाकला, तेव्हा पोटं गप्प बसली.

चंपाषष्ठीला सोनाजी आला, खांद्यावर टाक बांधायला नवं लाल फडकं. बाईनं भरताची वांगी चिरून पाहिली, तर एकूणएक किडकी. पाण्याविना वाढलेली ती, चांगली कुठून असणार! भरीत-रोडग्याशिवाय खंडोबाचा नैवेद्य कसला? तेवढ्यात बागेतून आणलेल्या कंदांच्या कोपऱ्यातल्या पोत्यावर नजर गेली आणि ती उठलीच. कंद निखाऱ्यात भाजले, ठेचले, वर कांद्याची पात, लसूण, हिंग, ओवा.

"ह्ये काय गं?" सोनाजीनं कपाळाला आठ्या घातल्या.

"मातीतलंच हाय, भावजी. देवाला काय वाईट देईन व्हय मी?"

तळी भरली, येळकोट झाला. रिवाजाप्रमाणं पहिलं पान कुत्र्यापुढं ठेवलं. खंडोबाचं जनावर ते, त्याचा कौल सोनाजी मानायचा. कुत्र्यानं हुंगलं. मान वळवली. कुत्रं परत फिरलं आणि भरीत चाटूनपुसून रोडग्याकडं वळलं.

सोनाजी गुमान जेवायला बसला. भरीत दोनदा मागून घेतलं, वर ओव्याची चिमूटही. जाताना त्यानं टाकांपुढं डोकं टेकवलं.

"देव हितंच राहू दे," तो म्हणाला आणि लाल फडकं तिच्यापुढं पसरलं. "ह्याच्यात बियाण्याला कंद घाल. लई घाल."