तात्यांच्या चार मोटारी

भिवातात्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका पाण्याच्या मोटारीला कान लावून बसले होते. म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीवर, मूठ कानाशी आणि डोळे मिटलेले. इंदापूरला एसटी स्टँडामागं त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. मोटारीचा मालक समोर हातात टोपी घेऊन, घरातलं माणूस दवाखान्यात दाखवायला आणल्यासारखा उभा. "मागचं बेरिंग गेलंय. वाइंडिंग चांगलं हाय, उगा उकलू नका," तात्या डोळे न उघडताच म्हणाले आणि मग माझ्याकडं वळले.

माझ्या हातात ड्रोन होता. शेजारच्या गल्लीत माझा फोटो स्टुडिओ. आदल्या दिवशी एका लग्नात हे यंत्र नवरदेवाच्या डोक्यावरून सरळ मांडवाच्या खांबावर गेलं होतं. एक मोटार जळली होती, नवीन यायला महिना लागणार होता आणि लग्नसराई तर ऐन भरात. तात्यांनी ती सुपारीएवढी मोटार तळहातावर घेऊन बघितली. "ताई, ही मोटार हाय का कानातली कुडी?" असं म्हणाले खरं, पण संध्याकाळपर्यंत केसासारखी तार गुंडाळून ती चालू करून दिली. मजुरी विचारली तर म्हणाले, "आदी उडवून दावा."

शाळेच्या मैदानावर मी ड्रोन वर नेला. बॅटरी संपेपर्यंत या बासष्ट वर्षांच्या माणसानं मान खाली केली नाही. ड्रोन उतरल्यावर एवढंच विचारलं, "ह्याच्या आत काय काय लागतंय?" मी हौसेहौसेनं यादी सांगितली. मला वाटलं, चौकशी आहे, संपली. तात्यांना मी तोपर्यंत ओळखत नव्हते.

पुढचं वर्षभर दुकानातल्या निम्म्या फळीवर शेतकऱ्यांच्या मोटारी आणि निम्म्या फळीवर तात्यांचं 'पाखरू' असायचं. सांगाडा खिडक्या बनवणाऱ्याकडच्या अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यांचा. बाकीचे भाग मी मागवून द्यायची. बारामतीच्या बाजूला शिकाऊ विमानांची ये-जा, म्हणून आम्ही रविवारी त्यांच्या वाटेपासून लांब, निरवांगीकडच्या माळावर जायचो. पहिलं पाखरू बाभळीवर पडलं. दुसरं उसात गेलं, ते शोधता शोधता आमचे दोघांचेही हात पातीनं कापले. तिसरं एका गोठ्याच्या पत्र्यावर असं आपटलं की आतल्या म्हशीनं दावं तोडलं. मी वैतागायची. तात्या तुकडे पिशवीत भरत म्हणायचे, "पडलं म्हंजे चढलं हुतं. काय रडायचं त्यात?" मला त्या वाक्याचा रागच यायचा.

हा नाद नुसता नाद नव्हता, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. निरवांगीला तात्यांचे थोरले भाऊ होते, म्हसूआबा. सगळं घराणं मेंढरांमागं फिरणारं. तात्यांनी पंधराव्या वर्षी ती वाट सोडली आणि वाइंडिंग शिकायला गेले. आबांनी सोडली नाही. आता आबांचे गुडघे गेले होते, मेंढरांमागं चालायला घरात दुसरं कोणी नव्हतं, आणि दिवाळीनंतर कळप विकायचं ठरलं होतं. "घरातला शेवटचा कळप हाय. एकदा वरनं त्येचा व्हिडिओ घ्यायचाय," तात्या म्हणाले. "इकल्यावर मग कशाचा घेऊ?"

चौथं पाखरू नीट उडलं. गणपतीनंतरच्या एका सकाळी आम्ही ते आबांच्या कळपावर नेलं. वरून करवतीसारखा आवाज आला मात्र, कळप फुटला. शे-सव्वाशे मेंढरं वाट फुटेल तिकडं पळाली. एक गाभण मेंढी कालव्याच्या चारीत पडली. ती वाचली, पण दोन दिवसांनी गाभडली, पोटातलं कोकरू गेलं.

आबा ओरडले नाहीत. काठी टेकत आले आणि म्हणाले, "लांडगा तरी भुईवरनं येतो, भिवा." मग काठी मेंढरांकडं करून म्हणाले, "मेंढरं सोडून गेलास तवा काय बोललो न्हाय. पर आता ह्यांच्यावर हे उडवायचं न्हाय." त्यानंतर त्यांनी तात्यांशी बोलणं टाकलं.

मी म्हटलं, "तात्या, जाऊ द्या. जमिनीवरून चांगले फोटो काढते." तात्यांनी ऐकलंच नाही. आठवडाभरानं दुकानात गेले तर पाखराच्या चारही मोटारी उकललेल्या, आणि तात्या भिंग लावून नवी तार भरत बसलेले. "आवाजाची चूक हाय. मोटार खोटं बोलत न्हाय, तिला पळवलं की ती वराडती." तारेचे वेढे वाढवायचे म्हणजे मोटार सावकाश फिरेल, आणि पाती मोठी लावायची म्हणजे सावकाश फिरूनही वजन उचलेल, असा त्यांचा हिशेब. एवढ्याशा जागेत वेढे मावत नव्हते. तार तुटायची, परत पहिल्यापासून. एक मोटार त्यांनी नऊ वेळा भरली. शेवटी चारही लावून चालू केल्या तेव्हा जुन्या छताच्या पंख्यासारखी घरघर आली. तात्यांनी स्क्रूड्रायव्हर कानाशी धरला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

पण आबांचा शब्द होता. तो तात्यांनी मोडला नाही. त्यांनी पाखराची पाती काढून ठेवली आणि रोज पहाटेच्या एसटीनं निरवांगी गाठायला सुरुवात केली. रात्री मेंढरं कोंडायची जाळी असते, वाघूर. तिच्याबाहेर बसायचं, पात्यांशिवायच मोटारी चालू करायच्या आणि जाळीतून मका टाकायचा. "उडवायचं न्हाय म्हणलाय," ते मला म्हणाले, "बसायचं न्हाय असं कुठं म्हणलाय?" पहिल्या दिवशी मेंढरं पार पलीकडच्या कडेला गेली. आठवड्यानं चार-दोन धीट निघाली. तीन आठवड्यांनी मोटार सुरू झाली की कळप जाळीला येऊन भिडायचा. आबा दारातून बघायचे. बोलायचे नाहीत, पण "ऊठ" असंही म्हणाले नाहीत.

आणि मग तात्याच दिसेनासे झाले. उभ्या तालुक्याच्या मोटारींची तक्रार ऐकणाऱ्या माणसानं स्वतःच्या पोटाची कधी ऐकली नव्हती. बारामतीच्या दवाखान्यात मी भेटायला गेले तर तात्या ओळखू येईनात, इतके वाळले होते. "सोमवारी कळप न्यायला यापारी येणार हाय," ते म्हणाले. "ताई, तुमी उडवा. आबाला इचारून. न्हाय म्हणला तर माघारी या. आन मका इसरू नका."

रविवारी सकाळी मोठी पाती बसवून मी आबांसमोर पाखरू घेऊन उभी राहिले. आबांनी त्या यंत्राकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "भिवा का न्हाय आला?" मी खरं ते सांगितलं. आबांनी काठीवर हनुवटी टेकली. "उडीव," म्हणाले, आणि पाठ फिरवून बाभळीखाली जाऊन बसले.

पाखरू घरघरत वर गेलं. माळावर पांगलेल्या मेंढरांनी माना वर केल्या. आणि मग ती धावली, पण लांब नाही, इकडं! चारी बाजूंनी, कोकरांसकट, येऊन पाखराच्या बरोबर खाली गोळा झाली आणि वर तोंडं करून ओरडायला लागली. मका गाडीत राहिला होता. इतक्यांदा बजावूनही मी विसरलेच होते. दोन्ही हात रिमोटवर, उतरवायचं कुठं तर खाली सगळी मेंढरंच. मी "आबा, आबा" करत राहिले. आबा उठले. गुडघे धरत गाडीपर्यंत गेले, पोतं ओढून काढलं आणि कळपात शिरून मूठमूठ मका फेकायला लागले.

नंतर मी त्यांना पडद्यावर सगळं दाखवलं. आबा नाक टेकवून बघत होते. "पन्नास वर्सं ह्यांच्या मागनं चाललो," ते म्हणाले. "वरनं कवा बघितलीच न्हायत." आणि माझ्या गाडीत बसले. कुठं जायचं ते सांगावं लागलं नाही.

तात्यांनी फोन छातीवर उभा धरून चित्रण पाहिलं. मेंढरं धावत आली तिथं हसले. मग एके ठिकाणी बोटानं थांबवलं आणि म्हणाले, "मका कोण टाकतंय? आबा हाय व्हय?"

"मी हाय," खाटेच्या पायाशी उभे असलेले आबा म्हणाले. "तुझी मेंढरं उपाशी ठिवू व्हय?"

तात्यांनी फोन माझ्या हातात दिला. आबा त्यांच्या उशाशी येऊन बसले आणि दोघं कधीच्या कुठल्या तळावरच्या, कुठल्या कोकरांच्या गोष्टी बोलू लागले. मी बाहेर आले आणि जिन्यात बसून मनसोक्त रडले.

पाचव्या दिवशी तात्या गेले. कळपही विकला गेला, ठरल्याप्रमाणेच. फक्त दहा मेंढ्या आबांनी मागं ठेवल्या. पाखरू माझ्याकडं आहे, आणि लग्नाला मी ते कधी नेत नाही. रविवारी निरवांगीच्या माळावर ते उडवते. आबा आधीच धोतराच्या ओच्यात मका घेऊन उभे असतात.