रांजणातला डब्बा

ते प्रकरण माह्या मनातून कधी गेलंच नाही. तवा मी दर्यापूरले हवालदार होती. सातवी शिकलेली, म्हणून लिवाचं काम कमी, बायांशी बोलाचं काम माह्याकडं.

वैशाखाची दुपार कलली तवा एक बाई ठाण्यात आली. वय असन अडोतीस. म्हणे, "बाई, माह्या सुया चोरल्या!"

तिचा अकोल्याले टेस्टट्यूब बेबीचा इलाज चालू होता. रोज संध्याकाळी एकाच टाइमाले पोटात सुई घ्या लागे. सुया थंड ठेवा लागत, अन् घरी लाइन दिवसभर गुल. म्हणून डब्बा शेजारच्या कोल्ड्रिंकवाल्या चाचाच्या बर्फ भरलेल्या फ्रिजात ठेवला होता. चाचा दुकानात नव्हता तवा पाह्यलं, त तोच गायब. आजची सुई चुकली त सारा इलाज पाण्यात. मांगच्या खेपेले राहिलं नव्हतं, हे शेवटची खेप.

साहेबानं तक्रार घेतली अन् मले धाडलं.

चाचा म्हणे, "चोरी कायकी, बाई? इसकी सास ले गई सुबे. बोली, बहू ने मंगाया."

घरी गेली त सासू दारातच बसली होती.

"डब्बा कुठी हाये, आजी?"

"मले काय इचारता? मी का डाक्टर हाओ?"

मी वरडली नाही. वरडलं की म्हातारं माणूस गप होते. म्हटलं, पाणी त पाजा. ओल्या फडक्यानं गुंडाळलेला रांजण समोर, अन् म्हातारीनं आणलं बादलीतलं कोमट पाणी. वैशाखात आमच्या इकडं दुश्मनाले बी असं पाणी देत नाही. मी उठली, झाकण काढलं. प्लास्टिकच्या पन्नीत बांधलेला डब्बा पाण्यावर तरंगे.

मंग म्हातारीनं सारं सांगतलं. सकाळच्या गाडीनं तो डब्बा घेऊन अमरावतीले गेली होती, देवीच्या पायाले लावाले. परत येतवरी डब्बा उन्हानं तापला. भेवानं, थंड कराले रांजणात टाकला.

"मांगच्या बारीले देवीले इचारलं नाही म्हणून राहिलं नाही. औंदा मले कसर नव्हती ठेवाची," म्हणे.

साहेबानं अकोल्याले फोन लावला. डाक्टरीण म्हणे, तापलेलं औषध वापरू नका, तिलेच आणा. ठाण्याच्या जीपीनं मी सासू-सून दोघीले नेलं. टाइमावर नवी सुई टोचली.

मंग डाक्टरीण म्हातारीले म्हणे, "आजी, औषध थंड ठेवणं, वेळेवर घेणं आपल्या हाती. वय कोणाच्याच हाती नाही. अन् तुमच्या मुलाले तो तंबाखूचा खर्रा सोडाले लावा, त्यानं बीज कमजोर होते."

"माणसाले बी तपासतेत?"

"दोघांलेही."

मले माह्यं घर आठोलं. लग्नाच्या सात वर्सांनी, मूल नाही म्हणून मले माहेरी धाडून माह्या मालकानं दुसरी केली होती. तिले बी काही झालं नाही. त्याले कोणी तपासलं नव्हतं.

महिन्याभरानं म्हातारी एकटीच ठाण्यात आली.

"नाही राहिलं, बाई. चोरी माह्या नावानं लिवा."

"आजी, सुई त टाइमावर भेटली ना? डाक्टरीण म्हणते, वयानं बीज थकते. तुमच्यामुळं नाही झालं हे."

ऐकेच ना. तेवढ्यात सून धुंडत आली. डोळे सुजलेले.

"इथं कावून बसल्या, आई? सकाळपासून तुमी जेवल्या नाही, म्हणून मी बी उपाशी हाओ. चाला."

म्हातारी तिचा हात धरून उठली.

नोकरीत मी लय चोर पाह्यले. पण मूल न राहण्यात चोर धुंडू नये, हे मले त्या दोघीनं शिकोलं. माह्या घरात तो चोर मीच ठरली होती, अन् मी बी इतके वर्स कबूल करून बसली होती.