शेवटच्या वळणावरची पावलं

वर्षभर एक मेलेला माणूस माझ्यामागे धावतोय.

दर रविवारी. बोपदेव घाटात. शेवटच्या वळणाच्या जरा आधी.

काळजी नको, डोकं ठिकाणावर आहे. सोमवारी बँकेत वेळेवर हजर असते. पण पावलं ऐकू येतात आणि ती नितीनचीच आहेत. डावा पाय किंचित घासत टाकायची सवय त्याचीच.

जे आमच्या रनिंग ग्रुपमध्ये नाहीत त्यांच्यासाठी सांगते.

आमच्याकडे रविवारी सगळ्यात हळू धावणारा आधी निघतो आणि सगळ्यात फास्ट शेवटी. कारण उदात्त वगैरे अजिबात नाही. माथ्यावरचा टपरीवाला एकेकट्याचा चहा करायला वैतागायचा. म्हणून ग्रुप चालवणाऱ्या देवधरकाकांनी ही पद्धत काढली, म्हणजे सगळे साधारण एकदमच वर पोचतात. काका पायथ्याशी शिट्टी घेऊन उभे राहतात आणि अंदाजाने एकेकाला सोडतात.

नियम एकच. कुणी कुणासाठी थांबायचं नाही.

मी सुरुवातीच्या मंडळींत. नितीन कायम शेवटचा.

तो मूळचा वर्ध्याचा, नोकरीसाठी पुण्यात वाघोलीला राहायचा. पहिल्या दिवशी आला तेव्हा पायात जुने कॅनव्हासचे बूट आणि पोटात वडापाव. त्या दिवशीच त्याने ग्रुपमधल्या सगळ्यांना मागे टाकलं. वर जाऊन विचारतो, "संपला घाट?"

आणि इकडे मी. पहाटेचा अलार्म. तळजाईच्या टेकडीवर इंटरव्हल्स, म्हणजे एकदा जोरात, एकदा हळू. साखर बंद. लग्नात जिलबीकडे पाठ करून बसायचं. नवरा विचारायचा, "ऑलिंपिकला कधी निघायचंय आपण?"

नितीनने एकदा माझं ट्रेनिंग शेड्यूल पाहिलं आणि अगदी निरागसपणे म्हणाला, "बाप्पा! इतकं सगळं करून तू एवढीच पळते?"

मी दोन रविवार त्याच्याशी बोलले नव्हते.

शेवटच्या वळणावर तो मला गाठायचाच. आधी मागून ती पावलं. मग बाजूने जाताना, धाप नाही, घाम नाही, एक ठरलेलं वाक्य.

"ये सावकाश. मी चहा सांगतो."

इतका राग यायचा त्या वाक्याचा.

मला फक्त एकदा त्याच्याआधी वर पोचायचं होतं. बाकी मेडल्स वगैरे सगळं ठीक आहे हो. हे एक हवं होतं.

मग त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला.

उपचार झाले. केस गेले. डॉक्टर म्हणाले, हलका व्यायाम चालेल. बोपदेव घाट नितीनच्या लेखी हलकाच होता, त्यामुळे त्याने पुढे काही विचारलंच नाही.

परत आला आणि मला म्हणाला, "ते तुझं शेड्यूल मले पण बनवून दे ना."

दिलं. त्याने एकही दिवस चुकवला नाही. स्ट्रेचिंग, भिजवलेले बदाम, वेळेवर झोप. ज्या माणसाने कधी बूटसुद्धा धड बांधले नाहीत, तो वॉर्म-अप करत होता.

"पहिल्यांदा ट्रेनिंग करून राहिलो, अन् पहिल्यांदाच स्लो होऊन राहिलो. तुझ्या शेड्यूलमध्येच काहीतरी गडबड आहे."

एकदा तळजाईच्या चढावर तो मध्येच खाली बसला. 

मग म्हणाला, "तुम्हा सगळ्यांना असंच होत होतं का? दर वेळी?"

"हो."

"मले वाटे तुम्ही लोक नाटकं करता."

आणि थोड्या वेळाने, "मग रोज काहून येत होती तू?"

मी हात दिला आणि त्याला उठवलं. 

 काकांकडून नितीनची शिट्टी दर रविवारी थोडी आधी वाजायला लागली. शेवटचा तो मधल्यांत आला. मग आमच्यात आला. आणि एका रविवारी तो माझ्याआधी सुटला.

शेवटच्या वळणावर मी त्याला गाठलं.

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर होतं. आणि माझे पाय जागच्या जागी घुटमळायला लागले.

"काहून थांबून राहिली?"

"दम लागलाय."

"खोटं नको बोलू. मी थांबलो होतो का कधी तुझ्यासाठी?"

त्याने हातानेच पुढचा रस्ता दाखवला.

"जा. चहा सांग. मी येतो सावकाश."

मी गेले. त्याच्याआधी वर पोचले. सगळ्यांचा चहा सांगितला, त्याचाही. एकेक जण येत गेला, चहा झाला, नितीन आला नाही. सगळ्यांना सोडून झाल्यावर काका गाडी घेऊन मागून येत होते. त्यांनी त्याला वळणावरूनच खाली नेलं.

तो परत घाटात आला नाही. काही आठवड्यांनी गेलाच. आज वर्ष झालं.

पण येतो म्हणाला होता ना. म्हणून येतोय, दर रविवारी, माझ्या मागून.

आणि मी वर्षभर जिवाच्या आकांताने धावतेय. लोक म्हणतात, काय फिटनेस आहे, टायमिंग काय सुधारलंय! कसलं टायमिंग. मला भीती वाटते. तो एकदा पुढे निघून गेला की मग मागे कुणीच नसेल.

आजही रविवारच. काकांनी सगळ्यांना सोडलं आणि शेवटी उगाच एक शिट्टी वाजवली. मला वरपर्यंत ऐकू आली.

वळणाच्या आधी पावलं आली. डावा पाय घासत.

या वेळी मी वेग वाढवला नाही. कडेला सरकले आणि चालायला लागले. रडत होते, त्यामुळे तसंही धावता आलं नसतं.

आवाज अगदी शेजारी आला.

नितीन, तू हो पुढे.

चहा सांग.

मी येते सावकाश.