कात्री डाव्या हातात

सर्जरी शिकायला लागल्यापासून मी एकच वाक्य ऐकत आले होते, "कात्री उजव्या हातात धर." मी डावखुरी. नाटे या आमच्या किनाऱ्यावरच्या गावी आमचे अब्बाही डाव्या हातानेच मासेमारीची जाळी दुरुस्त करायचे, त्यांना कोणी कधी टोकलं नाही. पण रत्नागिरीच्या रुग्णालयात आमचे मोठे सर दुर्बिणीच्या ऑपरेशनला मला नुसती कॅमेरा धरायला उभी करायचे.

दोन हजार चार-पाचच्या सुमारास एका कार्यशाळेसाठी व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचं यंत्र आमच्या रुग्णालयात आलं. ऑपरेशनच्या सरावासाठी पडद्यावर खोटं पित्ताशय, खाली हातात धरायच्या दोन मुठी. चुकलं की पडद्यावर रक्त वाहायचं. माझी पाळी आल्यावर मी कात्रीची मूठ डावीकडे घेतली.

"उजव्या हाताने कर," सर मागून म्हणाले.

"नाही सर. आज मी माझ्या हाताने करणार."

मी पित्ताशय यकृतापासून सोडवलं आणि यंत्राने चुका मोजून दाखवल्या. त्या दिवशी सगळ्यांत कमी चुका माझ्या होत्या, माझ्याआधी करून गेलेल्या सरांपेक्षाही कमी.

"हा खेळ आहे. माणसाच्या पोटात असलं चालत नाही," सर म्हणाले.

"मग सोमवारच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला तुम्ही कॅमेरा धरा. काही चुकलं तर मला थांबवा."

मी शब्द मागे घेतला नाही. सोमवारी सर खरंच आले आणि तासभर कॅमेरा धरून उभे राहिले; कात्री माझ्या डाव्या हातात होती. त्यांनी मला एकदाही थांबवलं नाही. पेशंट बाई तिसऱ्या दिवशी चालत घरी गेली. सरांनी शाबासकी दिली नाही, आणि मीही ती मागितली नाही.