आक्काची कोरी साडी

मला किळस यायला फार मोठं कारण लागत नाही. दुसऱ्याच्या कंगव्यातले केस, बसच्या सीटला लागलेलं खोबरेल, शाळेतल्या माठावर कुणीतरी तसाच ठेवलेला उष्टा पेला, एवढंही मला पुरतं. पण मागच्या वर्षी आक्काच्या मुलाच्या लग्नात जी किळस आली ती अजून गेलेली नाही. ती थुंकून टाकावी तर कुणाच्या नावानं, हा प्रश्न आहे.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, झरीला दिलेली. आई गेली तेव्हा मी सहावीत होते. माझ्या वेण्या घालण्यापासून ते डी.एड.च्या फॉर्मवर वडलांची सही आणण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. आम्हाला भाऊ नाही. पुढे वडीलही गेले. म्हणजे आक्काला माहेर म्हणून उरले ती मी एकटी, परभणीतल्या तीन खोल्यांच्या घरात राहणारी मास्तरीण. आमच्याकडे लग्नात वरमायीला माहेरची साडी येते आणि ती कोरी साडी नेसूनच ती मांडवात उभी राहते. कुणाला माहेराहून काय आलं, याकडे सगळ्या भावकीचं लक्ष असतं. आक्कानं मागितलं काहीच नाही. फोनवर फक्त म्हणाली, "दुसरं काय नको गं. तुज्या हातची साडी नेसून मांडवात जाईन म्हणते."

आता माझ्या मोबाइलवरच्या खरेदीच्या ॲपबद्दल. मी त्याला सरसकट शिव्या घालणार नाही, कारण त्यानं माझं भलंही केलंय. आतले कपडे घ्यायला बाजारात जायचं म्हणजे मला शिक्षा वाटायची. काउंटरवर बाप्या, शेजारी अजून दोन बाप्ये, आणि तो भर दुकानात मोठ्यानं विचारणार, "कितीचा नंबर?" मी हाताला लागेल ते घ्यायची आणि कागदात गुंडाळलेला पुडा पदराखाली धरून बाहेर पडायची. आयुष्याची तीस वर्षं मी न बसणारे कपडे घातले. ते ॲपनं थांबवलं. आक्काच्या गुडघ्याचा पट्टासुद्धा मी तिथूनच मागवला, थेट झरीला पोचला, आणि ती तो बांधून शेतापर्यंत चालत गेली. मे महिन्याच्या उन्हात नवऱ्याला "गाडी काढा, गाडी काढा" म्हणून विनवण्या करायच्या संपल्या. हे सगळं खरं आहे आणि ते मी नाकारत नाही.

पण आमच्या स्टाफरूममध्ये एक वेगळंच शास्त्र तयार झालं. साडी मागवायची, लेबल न काढता ते निऱ्यांच्या आत दडवायचं, कार्यक्रम उरकायचा आणि दुसऱ्या दिवशी 'रंग आवडला नाही' म्हणून परत पाठवायची. ज्या बाई मुलांना मूल्यशिक्षण शिकवतात, त्यांनीच मला हे शिकवलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नाक मुरडलं. मग स्नेहसंमेलन आलं आणि मीही एक जांभळी, मोठ्या काठाची साडी मागवली.

घोळ झाला तो सासूबाईंमुळे. घरात नवं कापड आलं की नेसायच्या आधी त्याच्या टोकाला हळदीकुंकवाचं बोट लावायचं, ही त्यांची रीत. माझी रीत, आक्काची रीत, आमच्याकडच्या सगळ्याच घरांची. मी वेणी घालत होते तेवढ्यात त्यांनी प्रेमानं बोट लावूनही टाकलं. मला ओरडता येईना. संमेलन झालं, कौतुक झालं, फोटो झाले. दुसऱ्या दिवशी मी न्हाणीत बसून ते टोक टूथपेस्टनं घासलं. कुंकू गेलं, हळद बरीचशी गेली, घासून घासून तिथले धागे तेवढे पिंजारले. पार्सल न्यायला आलेल्या माणसानं लेबल पाहिलं, टोक कुणी पाहिलं नाही. मला लाज वाटायला हवी होती. मला वाटलं, मी लय हुशार.

ही हुशारी मी आक्कालाही रंगवून सांगितली होती. ती पोट धरून हसली. मग हसू ओसरल्यावर म्हणाली, "आन् ती नेसलेली साडी पुढं कुणाला जाती गं?"

"कंपनीला," मी म्हणाले.

आक्काची साडी मी बाजारात जाऊन घ्यायला हवी होती. गादीवर बसून, दहा घड्या उलगडायला लावून, काठ बोटांनी चाचपून. पण परीक्षेचे पेपर तपासायचे होते, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे कंटाळा होता. एका दुपारी, मधल्या सुट्टीत, डबा खाता खाता मी वरमायीची साडी अंगठ्यानं निवडली. हिरवी, लाल काठाची. लग्नाच्या दोन दिवस आधी पार्सल आलं. पिशवीतून रंग बघितला, फोटोसारखाच होता, आणि घडी न मोडता तशीच बॅगेत टाकली.

लग्नाच्या दिवशी सकाळी आतल्या खोलीत आक्काच्या जावा, नणंदा, शेजारणी दाटीवाटीनं बसल्या होत्या. मी आक्काला कुंकू लावून साडी तिच्या ओटीत दिली. तिचे डोळे भरले. तिनं करंडा जवळ ओढला, घडी उलगडली आणि बोट लावायला टोक हातात घेतलं.

टोकावर बोट आधीच होतं.

पिवळट, धुऊन फिकटलेलं, मध्ये कुंकवाची गुलाबी छटा. भोवतीचे धागे पिंजारलेले. ते काय आहे हे त्या खोलीत माझ्याइतकं लवकर कुणालाच कळलं नसतं. मग वासही आला. पावडर, कोमेजलेली मोगऱ्याची फुलं, आणि त्याखाली घाम. कुणा परक्या बाईच्या काखेतला शिळा घाम माझ्या आक्काच्या ओटीत. मला खरोखर उमळून आलं. मी पदर तोंडाला लावला, आणि बायकांना वाटलं मी रडायलेय.

"बघू बघू, काठ कसा हाय," म्हणत तिची धाकटी नणंद पुढे वाकली. आक्कानं टोकावर मूठ आवळली. माझ्याकडे एकदाच बघितलं. मग करंड्यात बोट बुडवलं आणि नेमकं त्याच डागावर, चांगलं दाबून, हळदीकुंकू लावलं.

"माज्या माहेरची हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "कोरी."

तीच साडी नेसून ती मांडवात उभी राहिली. उन्हानं तिला घाम फुटत होता आणि तिचा घाम त्या दुसरीच्या घामात मिसळत होता, मला दुसरं काही दिसतच नव्हतं. अक्षता कधी पडल्या कळलं नाही. पंगतीत घास गिळवेना. मी त्या अनोळखी बाईला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या दिल्या. घाणेरडी, फुकटी, निर्लज्ज. प्रत्येक शिवी दिली की मला न्हाणीत बसून टोक घासणारी मीच दिसायची. ती बाईही कुठेतरी शाळेत मास्तरीण असेल, आणि तिच्याही सासूबाईंनी प्रेमानंच बोट लावलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का ओसरीवर साडीची घडी घालत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. माफी मागायची म्हणून गेले होते, आणि तोंडातून निघालं भलतंच.

"दे आक्का, मी परत करते. मुदत अजून हाय. लेबलपण तसंच हाय. तुला बाजारातनं दुसरी, चांगली आणते."

आक्काचे हात थांबले. तिनं ते टोक उलटून बघितलं.

"तुजी हळद कशानं निघाली व्हती गं?"

"टूथपेस्टनं."

"हिनं बी त्यानंच घासलं दिसतंय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसेना. तिनं घडी पुरी केली, आत नेऊन ट्रंकेत ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"न्हाई देत मी परत," ती म्हणाली. "अजून कुणाच्या तरी आक्काला जाईल."